घर क्रमांक एक्केचाळीस

सेकंड इयरला हा पेपर मी घेतला
कारण तास सकाळी सातला होता
आणि अकराला मला हळद शिजवायच्या कुकरवर
हजेरी द्यायची असायची.
वैयक्तिक आणि सामुदायिक आरोग्य.
दोन क्रेडिट. प्रात्यक्षिकाला वीस गुण.

पहिल्या तासाला कऱ्हाळे मॅडमनी
एकेकाची नखं बघितली,
पहिलीच्या वर्गात बघतात तशी.
मागच्या बाकावर हसू फुटलं.
माझ्या नखांत पिवळं.
म्हणाल्या, हे कामाचं आहे, राहू दे.
मग फळ्यावर लिहिलं:
वसमतमध्ये कावीळ हातावर शोधू नका.
डोळ्यांत बघा.

तेव्हापासून डोळ्यांत बघायची सवयच लागली.
खालची पापणी बोटानं ओढली की
आतला रंग सांगतो, रक्त किती ते.
आम्ही एकमेकांच्या ओढून पाहिल्या.
दांडेगावचा मारोती, पहाटे तालमीत जाणारा,
आतून पांढराफटक निघाला.
दोन दिवस तो कुणाशी बोलला नाही.

सर्व्हेला जोड्या पाडल्या. मला नौशीन पठाण.
पाणी, संडास, डबकी, माशा मी विचारायचं.
बायांचं तिनं.
साठ घरं, बाळापूर रस्त्याच्या मागची वस्ती.
लोक विचारायचे, कशाची योजना आली?
विसाव्या घरापर्यंत मला पाठ झालं होतं
कुणाच्या रांजणावर झाकण आहे,
कुणाकडे ओगराळं,
कोण पेल्यासकट हात बुडवतं.
गटारीवर फळी टाकून पोरं पलीकडे जातात,
त्या फळीचं मापही मी वहीत घेतलं,
कशाला कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी एक्केचाळीस.
नौशीनला माहीत नव्हतं, कुणाचं घर.
मी सांगितलं नाही.
माय ओट्यावर गड्डे आणि हळकुंडं निवडत बसलेली.
तिनं मला बघितलं, हिला बघितलं,
फाइलीकडे बघितलं.
"काय इचारायचं ते इचार माय. आत बस."

मी बाहेर थांबलो, नियमाप्रमाणे. रांजणापाशी.
आमच्या रांजणाला झाकण नव्हतं.
चाळीस घरांची नोंद केली होती मी,
हे एकोणीस वर्षांत दिसलं नव्हतं.

पत्र्याची भिंत काही अडवत नाही.
जेवण कधी? "समद्यायचं झाल्यावर."
किती वेळा? "उरलं तर दोन."
चक्कर? "येती. बसलं की जाती."
रक्त कधी तपासलं? "कशाला?"
बाळंतपणं?
"तीन लिही."
मग हळकुंडांचा आवाज थांबला.
"पाच लिही. दोन राहिली न्हाईत.
ह्याच्या आधीची एक, मागून एक.
ह्याला सांगू नको."

नौशीन फाइल छातीशी धरून बाहेर आली.
पुढचं घर, म्हणाली.
बेचाळीसमध्ये मी पाण्याचं विचारायचंच विसरलो.

रात्री म्हणालो, तू पण ताट घे.
"कामून? पेपरात आलं का?"
हसली. घेतलं नाही.
मी हात धुऊन बसून राहिलो. भाकर निवत गेली.
शेवटी "नाटकं बंद कर" म्हणाली
आणि वाढून घेतलं,
चुलीपाशीच, माझ्याकडं पाठ करून.
तिची पापणी ओढून बघायची होती.
दहा जणांच्या बघितल्या होत्या मी वर्गात.
हात उचलला नाही.

कुकरच्या पगारातून झाकण आणलं. अल्युमिनियमचं.
जरा मोठंच झालं, वारा आला की वाजतं.

जर्नल तपासून आलं तेव्हा वीसपैकी सतरा.
घर एक्केचाळीस, रकाना नऊ,
नौशीनच्या अक्षरात
तीनवर काट मारून पाच.
शेजारी मॅडमची लाल शाई:
खाडाखोड टाळा.
माहिती एकदाच, नीट विचारून घ्या.